दुर्मिळ म्हणजे किती दुर्मिळ?

परवा आमच्या चिरंजिवांनी, टीकाकारापुढे कवीने संग्रह ठेवावा तसं, माझ्यापुढे एक कार्ड ठेवलं. पोकेमॉनचं. नखशिखान्त सोनेरी. "बाबा, बारा दिली आणि हे एक घेतलं!" दिलेली बारा म्हणजे मामाने अमेरिकेहून आणलेली.

व्यवहारावर मत देण्याआधी कागदपत्रं पाहावीत, ही आमची कारकुनी सवय. मी ते शास्त्र शिकायला बसलो. अस्सल कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक खूण असते. गोल ठिपका म्हणजे सर्वसाधारण, पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण म्हणजे जरा कमी सापडणारं, आणि तारा म्हणजे दुर्मिळ. इथवर कॉमर्सवाल्यालाही समजतं. पण २०२३ च्या मालिकेपासून ताऱ्यांचं पीकच आलं. दोन काळे तारे, दोन चंदेरी, मग सोनेरी एक, सोनेरी दोन, सोनेरी तीन! जावयाचा मान वाढवत न्यावा तसे हे वाढत जातात.

समीक्षक म्हणून माझा आक्षेप असा, की टंचाई पडावी लागते. ती छापून विकायची नसते. इथे कुठलं कार्ड किती काढायचं ते छापणाराच ठरवतो आणि वर तोच म्हणतो, बघा, किती दुर्मिळ! अमेरिकेत १९०९ च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची कार्डं निघत. होनस वॅग्नर या खेळाडूने आपलं चित्र छापायला हरकत घेतली, छपाई थांबली. त्याचं एक कार्ड २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरना गेलं. कोपऱ्यात एकही तारा नसताना!

ताऱ्याचं कौतुक आम्हा बँकवाल्यांना मुळातच कमी. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी घालायच्या नोटेवर, क्रमांकात तारा छापायला रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये सुरुवात केली. गिऱ्हाईक ती हळूच परत सरकवतं, "साहेब, ही खोटी वाटते." शेवटी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेलाच खुलासा करावा लागला, की ती खरीच आहे. तारा असो नसो, दहाची नोट दहाचीच.

शिवाय आम्ही पडलो बेलापूरकर. नुसत्या पाटीवर विसंबू नये, हे आम्हाला रेल्वेने शिकवलंय. बेलापूर नावाच्या स्टेशनावर पाहुणा उतरतो तो श्रीरामपुरात!

आमच्या लहानपणी काड्यापेटीचे छाप होते. जहाज छापाला कुत्रं विचारत नसे, कारण ते घरोघर. पण साखर न्यायला आलेल्या परप्रांतीय ट्रकवाल्याने फेकलेली, तमिळ अक्षरांची पेटी वीस जहाजांना जाई. शिवकाशीला तसल्या पेट्यांचे ढीग असतील. आमच्या गल्लीत ती एकच होती. भाव गल्ली ठरवी, शिवकाशी नव्हे.

एवढी तयारी करून मी ते सोनेरी कार्ड उलटसुलट पाहिलं. कोपऱ्यात खूणच नव्हती. बाजारातल्या दहा रुपयांच्या पाकिटातलं ते. त्यात झाडून सगळीच सोनेरी निघतात. गावात सगळेच सरपंच, मग दाखल्यावर सही कोणाची चालायची?

निकाल ऐकून चिरंजिवांचं तोंड एवढंसं झालं. "बाबा, पण एकावर मामाने लिहून दिलं होतं." मागच्या बाजूला, 'लाडक्या भाच्यास.' मामाला पुन्हा रजा केव्हा मिळेल, देव जाणे.

आम्ही बापलेक त्या मित्राच्या घरी गेलो. अकरा कार्डं परत द्यायला त्याने साफ नकार दिला. व्यवहार तो व्यवहार. बारावं मात्र आपणहून काढून दिलं. "काका, हे न्या तुम्ही. याच्यावर पेनने लिहिलंय, कोणीच घेत नाही."

उभ्या जगात एकुलतं एक असलेलं ते कार्ड आम्ही फुकटात घेऊन आलो.