संकलनाच्या टेबलावर कोण?

१९६३च्या ‘मोलकरीण’मध्ये सुलोचनाबाई स्वतःच्याच मुलाच्या घरी भांडी घासतात आणि थिएटरातला पदर डोळ्याला लागतो. मोलकरणीबद्दल कणव वाटायची, तर ती मुळात घरातलीच आई निघायला हवी, असा त्या काळच्या पडद्याचा अलिखित नियम होता. अठरा वर्षांनी, १९८१ साली, त्याच नावाचा एक छोटा माहितीपट आला. त्यात पुण्यातल्या खऱ्या मोलकरणी होत्या. त्या कोणाच्या हरवलेल्या आई नव्हत्या. पगार, सुट्टी, खाडे आणि संघटना यांवर त्या आपसात बोलत होत्या.

हा माहितीपट केला ‘युगांतर’ या गटाने. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी १९८० साली बंगळूरात हा गट उभा केला. जेमतेम तीन-चार वर्षांत त्यांनी चार चित्रपट केले. त्यांतला माझ्या मते सगळ्यांत मोलाचा निपाणीचा, ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ (१९८२). गट काही महिने तिथल्या तंबाखूच्या वखारीतल्या बायकांबरोबर राहिला. आधी ऐकणं, मग चर्चा, आणि त्यातून काय दाखवायचं याचा निर्णय. त्यामुळेच एरवी बाहेरच्याला दार बंद असलेल्या वखारीच्या आत, त्या धुळीत, कॅमेरा पोचू शकला. बायकांनी स्वतःच्या लढ्यातले प्रसंग पुन्हा करून दाखवले. पडद्यावर त्या साक्षीदार म्हणून बसलेल्या नाहीत. प्रसंग कसा घडला हे त्याच ठरवताहेत. सीमाभागातली ती खणखणीत मराठी त्या काळच्या आपल्या बोलपटांत शोधून सापडायची नाही.

हे सगळं चालू होतं त्याच वर्षांत इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीय तरुणांचे चित्रपट-गट जन्माला येत होते. १९८१ला लंडनमधलं ब्रिक्स्टन दंगलीत पेटलं. १९८२मध्ये जॉन अकोम्फ्रा, लीना गोपाल आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्ह’ काढलं. पुढच्या वर्षी आयझॅक ज्युलियन, मार्टिना अटिल, मॉरीन ब्लॅकवूड यांचं ‘सांकोफा’. बातम्यांत काळा माणूस दिसायचा तो दगड मारताना किंवा पोलिसांच्या गाडीत चढताना. ‘हँड्सवर्थ साँग्ज’ने (१९८६) तीच बातम्यांची दृश्यं घेतली, पण उलटी-पालटी लावून, जुन्या स्थलांतराच्या चित्रफितींशेजारी ठेवून, वेगळ्या आवाजात वाचली. सलमान रश्दींना ते आवडलं नाही. या सगळ्या कलाकुसरीत बर्मिंगहॅममधल्या हँड्सवर्थच्या माणसांचा आवाज कुठाय, असं त्यांनी ‘गार्डियन’मध्ये विचारलं. संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी उत्तर दिलं की नवी भाषा घडवण्याची धडपडच रश्दींच्या नजरेतून सुटली. वाद अजून शिळा झालेला नाही. मी हॉल यांच्या बाजूचा. मात्र निपाणीचा चित्रपट पाहिल्यावर रश्दींचा प्रश्नही थोडा बोचतो.

या गटांच्या मागे नुसता उत्साह नव्हता. चित्रपट कामगारांच्या संघटनेने १९८२ साली कार्यशाळांविषयी एक करार केला आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘चॅनल फोर’ने त्याला पैसा दिला. पैसा चित्रपटागणिक नव्हता. गटाला वर्षभर पगार मिळे. शिकायला, फसायला, दुसऱ्याचा चित्रपट जोडून द्यायला वेळ मिळे. तो आधार आटला तसे गटही आटले. ‘ब्लॅक ऑडिओ’ १९९८ला थांबलं.

आपल्याकडे मात्र गट करण्याची सवय लेखनात आणि गाण्यात दिसते, सिनेमात नाही. आंबेडकरी जलसे, लघुनियतकालिकं, दलित पँथर, कबीर कला मंच ही सारी समूहाची कामं. सिनेमात १९७६ साली फिल्म इन्स्टिट्यूटमधून निघालेल्या तरुणांनी ‘युक्त’ ही सहकारी संस्था काढून ‘घाशीराम कोतवाल’ केला. पण ते शिकून बाहेर पडलेल्यांचं सहकार्य होतं, वस्तीचं नव्हे. खरं तर ‘युगांतर’च्या बायकाही तंबाखू चाळणाऱ्या नव्हत्या. लंडनचे गट आणि त्यांच्यात हा मोठा फरक, आणि तो झाकून चालणार नाही.

पुढे आले ते एकेकटे. आनंद पटवर्धन चौदा वर्षं ‘जय भीम कॉम्रेड’मागे (२०११) लागून राहिले. नागराज मंजुळेंनी ‘फँड्री’च्या (२०१३) शेवटी जब्याचा दगड थेट प्रेक्षकावर सोडला. ‘कोर्ट’मध्ये (२०१४) वीरा साथीदार या खऱ्या कार्यकर्त्याने शाहीर उभा केला. सोमनाथ वाघमारेंनी ‘चैत्यभूमी’ केला. प्रत्येक जण तालेवार. पण मंजुळे गेले तर त्यांच्या जागी कॅमेरा उचलणारी पुढची फळी कोणत्या संस्थेत घडतेय? तमिळमध्ये पा. रंजित यांनी ‘नीलम’मधून मारी सेल्वराजसारख्या दुसऱ्या दिग्दर्शकांचे चित्रपट उभे केले. मराठीत एवढंही नीट रुजलेलं नाही.

चित्रपट करणारा गट त्याच माणसांचा नसला की काय होतं, ते बुंदेलखंडात दिसलं. झाशीतल्या टहरौलीपासून चित्रकूट-बांद्यापर्यंतचा हा मुलूख बाहेरच्या वाहिन्यांना आठवतो तो दुष्काळात. तिथे २००२पासून ‘खबर लहरिया’च्या बायका, बहुतेक दलित, आदिवासी, मुस्लिम आणि इतर मागास समाजांतल्या, स्वतः बातम्या करतात, पुढे त्यांनी मोबाइलवर व्हिडिओही सुरू केले. त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ २०२२मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. समारंभाच्या काही दिवस आधी त्यांनी जाहीर निवेदन काढलं: चित्रपट प्रभावी आहे, पण एकाच पक्षाच्या वार्तांकनाभोवती आमचं काम गुंडाळलंय, ते पुरतं खरं नाही. दिग्दर्शक सहृदय होते, कित्येक वर्षं सोबत होते. तरी संकलनाच्या टेबलावर या बायका नव्हत्या. रोज स्वतः व्हिडिओ करणाऱ्यांना स्वतःवरच्या चित्रपटाबद्दल खुलासा काढावा लागतो, यातला विरोधाभास मला ऑस्करपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

महाराष्ट्र सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं, तेही चित्रपट पुरा झाल्यावर, त्याचा दर्जा ठरवून. म्हणजे ज्याच्यापाशी पहिला पैसा आहे त्यालाच दुसरा. निपाणीतल्यासारखे चार-सहा महिने नुसते ऐकण्यात घालवणाऱ्या गटाच्या हाती त्या मुदतीत दाखवायला एकही रीळ नसतं.