‘स्वमग्न’: एका शब्दाचे आणि एका मुलाचे वाचन

मराठी समीक्षेत ‘आत्ममग्न’ हे विशेषण बहुधा गौरवाने येते. कवी आत्ममग्न आहे असे आपण म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या अंतरंगात खोल उतरला आहे आणि तेथून काहीतरी घेऊन परतणार आहे, असे आपल्याला सुचवायचे असते. ‘स्वमग्न’ हा शब्द त्याच घडणीचा आहे. मात्र तो ऑटिझम असलेल्या मुलाला लावला जातो आणि तेथे त्यातील परतण्याचा अर्थ गळून पडतो. जगाकडे पाठ फिरवून बसलेले मूल, एवढेच चित्र शिल्लक राहते.

जबलपूरसारख्या शहरात राहणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द एकटा भेटत नाही. शेजारच्या हिंदीत त्यासाठी ‘स्वलीनता’ आहे, ‘आत्मविमोह’ आहे. आणि १९९९ साली संसदेने राष्ट्रीय न्यासाचा जो कायदा केला, त्याच्या हिंदी नावात ‘स्वपरायणता’ आहे. मराठी कानाला ‘स्वपरायण’ आणि ‘स्वार्थी’ यांत फारसे अंतर वाटत नाही. हे सर्व शब्द ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्व’, या ग्रीक शब्दाशी इमान राखतात. ज्या मुलासाठी ते योजले गेले, त्याच्याशीही ते इमान राखतात काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. मुलाच्या एका विशिष्ट वर्तनाच्या, म्हणजे ज्याला आज ‘स्टिमिंग’ म्हणतात त्या पुनरावृत्त हालचालींच्या आधारे तो तपासून पाहायचा आहे. हात फडफडवणे, डुलणे, गिरक्या घेणे, एखादी वस्तू बोटांत सतत फिरवणे, एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणणे, अशा या हालचाली असतात.

‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात रूढ केला. म्हणजे हा शब्द आरंभापासूनच प्रौढांच्या एका वेगळ्या आजारातून उसना आणलेला आहे. पुढे लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांचे, तर हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ मध्ये व्हिएन्नात चार मुलग्यांचे वर्णन करताना तोच वापरला. त्यांच्याही आधी, १९२५ मध्ये, मॉस्कोच्या ग्रून्या सुखारेवा यांनी अशा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली होती. ती दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. भाषा उत्तम, स्मरणशक्ती तल्लख, परंतु लोकांत वावरण्याची रीत निराळी, अशा मुलांसाठी ‘अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम’ हे नाव लोर्ना विंग यांच्या १९८१ च्या लेखाने प्रचारात आणले. विंग स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या, आणि ऑटिझम असलेल्या मुलीच्या आईही. अमेरिकन निदानसूचीत हे नाव १९९४ मध्ये आले आणि २०१३ मध्ये ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ या व्यापक संज्ञेत विलीन झाले. नाझी राजवटीतील ज्या संस्थेत अपंग मुलांना ठार मारले जात होते, तेथे अ‍ॅस्पर्गर यांनी मुले पाठवली होती, हेही २०१८ मध्ये हेरविग चेक या इतिहासकाराने कागदपत्रांनिशी मांडले. नावे अशी येतात आणि जातात. मूल मात्र तेच असते.

या इतिहासात वाङ्मयाच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे एक वर्ष आहे, ते १९६७. त्या वर्षी दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. ब्रूनो बेटलहाइम यांचे ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’, म्हणजे रिकामा गड. आणि क्लारा क्लेबोर्न पार्क यांचे ‘द सीज’, म्हणजे वेढा. बेटलहाइम यांनी मुलाच्या अलिप्ततेचे खापर आईवडिलांच्या, विशेषतः आईच्या, थंडपणावर फोडले. पार्क या इंग्रजीच्या अध्यापक आणि अशा मुलीच्या आई. त्यांनी मुलीची पहिली आठ वर्षे दिवसादिवसाने टिपली, आणि मायेची उणीव हे कारण नसते हे वाद न घालता दाखवून दिले. बेटलहाइम यांचा सिद्धांत पुढे टाकून देण्यात आला. पार्क यांचे पुस्तक टिकले. परंतु दोघांच्या पुस्तकांतील प्रतिमा एकच आहे, हे लक्षात घ्यायला हवे. मूल हा गड आहे, आत कोणीतरी बसले आहे आणि आपण बाहेर आहोत. एकाला तो रिकामा वाटला. दुसरीने त्याला प्रेमाने वेढा घातला. ‘स्वमग्न’ हा आपला शब्दही याच तटबंदीचा आहे. आत आणि बाहेर अशी फाळणी एकदा स्वीकारली, की मुलाच्या हातांची हालचाल म्हणजे आतला दरवाजा बंद करणे, असाच तिचा अर्थ लागतो.

तो तसाच लावला गेला. वर्तनवादी मानसशास्त्राने या हालचालींना ‘स्व-उत्तेजक वर्तन’ असे नाव दिले. येथेही ‘स्व’ आलाच. कॅलिफोर्नियात इवार लोवास यांनी १९६० च्या दशकात ज्या उपचारपद्धतीचा पाया घातला, तिच्यात असे वर्तन बंद पाडणे हे एक उद्दिष्ट होते, आणि आरंभीच्या काही प्रयोगांत त्यासाठी विजेचे झटकेही दिले गेले. शांत बसलेले मूल म्हणजे सुधारलेले मूल, ही समजूत तेव्हापासूनची. तिच्यात मुलाची साक्ष कोठेही नव्हती.

ती साक्ष नंतर आली. टेम्पल ग्रॅन्डिन यांचे ‘इमर्जन्स’ हे आत्मकथन १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. समुद्रकाठची वाळू बोटांतून गाळत राहण्याच्या बालपणीच्या छंदाविषयी त्यांनी लिहिले आहे. त्या कणांकडे त्या किती बारकाईने पाहत हे वाचताना ही शून्यमनस्कता नव्हती याची खात्री पटते. आपल्याकडे टिटो राजर्षी मुखोपाध्याय यांचे, आठ ते अकरा या वयात लिहिलेले, ‘बियॉन्ड द सायलेन्स’ २००० मध्ये निघाले. आपले शरीर विखुरलेल्या अवयवांसारखे वाटे आणि ते एकत्र जाणवावे म्हणून आपण पंख्यासारखे गरगर फिरत असू, असा त्यातील अनुभवाचा आशय आहे. टिटो यांच्या आईने जी लेखनपद्धती घडवली तिच्याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. वाचकाने ते जाणूनच हे पुस्तक हाती घ्यावे. तथापि जे या लेखनात व्यक्त झाले, त्याला इतरत्रही दुजोरा मिळतो. २०१९ मध्ये स्टीव्हन कॅप आणि सहकाऱ्यांनी ३२ ऑटिस्टिक प्रौढांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. आवाज, प्रकाश, विचार वा भावना असह्य होतात तेव्हा या हालचाली आपल्याला सावरतात, आणि आनंदाच्या भरातही त्या होतात, असे त्यांनी सांगितले. या हालचाली सक्तीने थांबवण्याला त्यांचा विरोध होता.

म्हणजे ज्याला आपण जगापासून दूर जाणे समजलो, ती जगात टिकून राहण्याची धडपड होती. पाठाचा अर्थ नेमका उलटा लावला गेला होता.

आपल्या लोकप्रिय कलाकृतींनी हा अर्थ कितपत दुरुस्त केला? संजय सूरकर यांच्या ‘चौकट राजा’ने (१९९१) बालपणीच्या अपघातामुळे बौद्धिक वाढ खुंटलेला नंदू मराठी घराघरांत पोचवला. नंदूची अवस्था ऑटिझमची नाही. तरीही वेगळ्या मनाचे माणूस म्हणून मराठी प्रेक्षकाच्या स्मरणात प्रथम तोच येतो. दिलीप प्रभावळकरांनी नंदूचे शरीर विलक्षण निष्ठेने उभे केले, आणि सुलभा देशपांडे यांच्या आईने त्याच्याभोवतीच्या काळजीला चेहरा दिला. पण चित्रपटाचा नैतिक प्रश्न नंदूच्या भोवतालच्या माणसांचा आहे. त्याच्याशी त्यांनी कसे वागावे, हे आपण पाहतो. त्याला जग कसे दिसते, हे दुरूनच. करण जोहर यांच्या ‘माय नेम इज खान’मध्ये (२०१०) नायकाला अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम असल्याचे स्पष्ट सांगितले आहे. तेथे चुकवलेली नजर, ठरावीक शब्दांची पुनरावृत्ती, आवाजाचे भय ही सारी लक्षणे हळूहळू निष्पापतेची चिन्हे बनतात. नायक वेगळा आहे म्हणून संत आहे, असे समीकरण तयार होते. या चित्रपटातील सर्वांत खरी दृश्ये मला आईची वाटतात. झरीना वहाब यांनी साकारलेली ही आई मुलाला समजेल अशा रीतीने, चित्र काढून, माणसामाणसांतला फरक शिकवते. ती त्याच्यावर करुणा करीत नाही, त्याची भाषा शिकते. करुणा आणि चमत्कार या दोन टोकांच्या मध्ये ही जी जागा आहे, तेथे संगोपनाचे खरे काम चालते.

ते काम मी घरातच पाहिले आहे, म्हणून थोडे वैयक्तिक लिहितो. माझ्या मुलीचा मुलगा आता दहा वर्षांचा आहे. तो चार वर्षांचा असताना एका लग्नात बँड सुरू होताच त्याचे हात फडफडू लागले. मी ते घट्ट धरले आणि ‘हात खाली’ असे दटावले. तो किंचाळत जमिनीवर बसला. सारे बघू लागले, आणि मला मुलाच्या वेदनेपेक्षा त्या नजरांचीच लाज अधिक वाटली. माझ्या मुलीने त्याला मंडपाबाहेर नेले, कानांवर तळवे ठेवले आणि हात मोकळे सोडले. काही मिनिटांनी ते आपोआप थांबले. ती एवढेच म्हणाली, “बाबा, तो त्यानेच स्वतःला सांभाळत होता.” चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना संदर्भाशिवाय शब्दाचा अर्थ लावू नका असे सांगणाऱ्या माणसाने संदर्भ न पाहता अर्थ लावला होता.

तिने पुढे एक वही ठेवली: केव्हा, कोठे, आधी काय घडले, नंतर काय झाले. त्या वहीतून दिसू लागले की एकसारख्या वाटणाऱ्या हालचाली एकच नाहीत. ग्वारीघाटावर नर्मदेच्या पाण्यात आरतीचे दिवे हलताना दिसले की हात खांद्याच्या वर जातात आणि बोटे सुटी असतात. तो आनंद असतो. कुकरची शिटी होण्याआधी ते छातीशी येतात आणि मुठी वळलेल्या असतात. वाट पाहताना तो फक्त डुलतो. डोके भिंतीवर आपटणे हा प्रकार यांहून वेगळा, कारण त्यात इजा आहे. तेथे थांबवावेच लागते. पण केवळ थांबवून भागत नाही. दात दुखतो आहे का, झोप झाली नाही का, वर्गात काही घडले का, हे शोधावे लागते. प्रत्येक हालचाल पवित्र मानणे हाही वाचनाचा आळसच होय.

शब्दांचेही तसेच. बाहेर निघण्याची वेळ झाली की तो म्हणतो, “पंखा बंद केलास का?” पंखा बंदच असतो. घराबाहेर पडताना त्याच्या आईने कधीतरी विचारलेला हा प्रश्न त्याने अख्खा उचलला आहे, आणि त्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘आपण निघतो आहोत, मला भीती वाटते’ असा आहे. अशी पुनरुक्ती निरर्थक नसते, ती संवादाची कामे करते, हे बॅरी प्रिझंट यांच्या अभ्यासाने १९८० च्या दशकाच्या आरंभीच दाखवले होते. याच सुमारास एका सल्लागाराने घरातून मराठी काढून टाकावी, मुलाशी फक्त हिंदी बोलावे, असे सुचवले. परप्रांतातील अनेक मराठी कुटुंबांना हा सल्ला मिळतो. दोन भाषांच्या सहवासामुळे अशा मुलांच्या भाषाविकासाला बाधा येते, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. उलट आई ज्या भाषेत लाडाने आणि रागाने बोलते ती तोडली तर संवादाचा एक मोठा झराच आटतो. आम्ही मराठी ठेवली. पंख्याचा प्रश्न हिंदीत आला असता, तर त्याचा उगम आम्हाला कदाचित सापडलाच नसता.

लयबद्ध पुनरावृत्ती आपल्या संस्कृतीला परकी नाही. जात्यावरची ओवी, पाठांतर करताना डुलणारे शरीर, जपमाळेवर सरकणारी बोटे यांना आपण प्रतिष्ठा दिली आहे. नातवाचे डुलणे म्हणजे जप, असे मात्र मी म्हणणार नाही; तसे म्हणणे म्हणजे त्याच्यावर पुन्हा आपला अर्थ लादणे होईल. एवढेच म्हणतो की लयीने मन सावरते हे आपल्याला ठाऊक होते. कोणाच्या लयीला मान द्यायचा आणि कोणाच्या लयीला विकार म्हणायचे, हे समाजाने ठरवले.

मराठी वाङ्मयाला या प्रकारच्या दुरुस्तीचा अनुभव आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले, तोवर ज्यांच्याविषयी इतरांनी कळवळ्याने लिहिले होते, त्यांनी स्वतः लिहायला सुरुवात केली, आणि तृतीयपुरुषी कळवळ्याच्या मर्यादा समीक्षेला मान्य कराव्या लागल्या. त्या दुःखाची आणि या अनुभवाची बरोबरी करण्याचा हेतू नाही; तेथे अन्याय माणसाने रचलेला होता. परंतु वाचकाला मिळालेला धडा एकच आहे. ऑटिस्टिक माणसाला मराठी भाषा अजून बहुतांशी तृतीय पुरुषातच ओळखते. डॉक्टर, शिक्षक, पालक आणि आता या लेखात एक आजोबा त्याच्याविषयी बोलतात.

तेव्हा ‘स्वमग्न’ या शब्दाचे काय करायचे? तो कायद्याच्या चर्चेत, वृत्तपत्रांत, शाळांच्या पाट्यांवर रुजला आहे, आणि एका लेखाने तो उपटला जाणार नाही. नवा शब्द सुचवण्याचा मोहही मी टाळतो. तो अधिकार, माझ्या मते, ज्यांना हा शब्द लागतो त्यांचा आहे. कोशकारांनी नोंद करताना आणि विद्यार्थ्यांनी तो वापरताना इतके ध्यानात ठेवावे, की हे वर्णन बाहेर उभ्या असलेल्या माणसाने केलेले आहे.

गेल्या महिन्यात घाटावर नातवाचे हात वर गेले तेव्हा शेजारच्या एका बाईंनी विचारले, “याला काय होतंय?” मी काही सांगण्याआधीच तो पाण्याकडे पाहत म्हणाला, “दिवे.”