'युलिसिस'मधील संस्कृत शब्द आणि टीपकार

जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' ह्या कादंबरीस टीपांचे जेवढे साहाय्य लाभले आहे तेवढे विसाव्या शतकातील क्वचितच दुसऱ्या एखाद्या कादंबरीस लाभले असेल. १६ जून १९०४ ह्या एका दिवसाची आणि डब्लिन ह्या एका शहराची ही कथा २ फेब्रुवारी १९२२ रोजी पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच ह्यांनी प्रसिद्ध केली. १९३० मध्ये स्ट्यूअर्ट गिल्बर्टचा प्रकरणवार अभ्यास निघाला. १९३७ मध्ये हॅन्लेने तिची शब्दसूची सिद्ध केली. १९६८ मध्ये थॉर्न्टनचा उल्लेखकोश आणि १९७४ मध्ये गिफर्ड व सायडमन ह्यांचा टीपाग्रंथ आला. हा शेवटचा ग्रंथ १९८८ मध्ये वाढवून पुन्हा छापण्यात आला. ह्या साहित्याचा मराठी वाचकास उपयोग होतो ह्यात शंका नाही. परंतु ते ज्या वाचकास समोर ठेवून सिद्ध झाले तो वाचक निराळा आहे. त्याला जे अडते ते सर्वच आपणांस अडत नाही. आणि त्याला जे अडत नाही त्यावर टीप नसते, म्हणून नेमके तेथे आपण अडखळतो. ह्याखेरीज आणखी एक अडचण आहे व तीच प्रस्तुत लेखाचा विषय होय. ह्या कादंबरीत काही शब्द असे आहेत की जे इंग्रज वाचकास परके आणि आपणांस घरचे वाटतात. माझ्या मते मराठी वाचकाची सर्वांत मोठी फसगत तेथेच होण्याचा संभव आहे.

आपल्याकडे मर्ढेकरांच्या कवितेच्या निमित्ताने दुर्बोधतेची जी चर्चा झाली ती बहुतेक कवी आणि वाचक ह्या दोघांमधील व्यवहार म्हणून झाली. कादंबरीत मात्र तिसरा पक्ष असतो, तो म्हणजे पात्र. एखादा शब्द वाचकास कळतो की नाही हा एक प्रश्न. तो उच्चारणाऱ्या, ऐकणाऱ्या किंवा मनात घोळविणाऱ्या पात्रास कळतो की नाही हा दुसरा. टीपकार बहुधा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि दुसरा विसरतो.

चौथ्या प्रकरणातील प्रसिद्ध प्रसंग घ्यावा. लिओपोल्ड ब्लूम सकाळचा चहा व न्याहारी घेऊन वर पत्नीकडे जातो. मॉली अंथरुणातच आहे. वाचनात आलेल्या एका शब्दावर बोट ठेवून ती त्याला अर्थ विचारते. शब्द आहे 'मेटेम्सायकोसिस'. ब्लूम सांगतो की हा ग्रीक शब्द आहे, आणि मग त्याचा अर्थ दुसऱ्या तितक्याच जड शब्दाने सांगतो. मॉली वैतागते व साध्या भाषेत सांगा म्हणते. हा शब्द नंतर दिवसभर ब्लूमच्या डोक्यात मोडक्यातोडक्या रूपात फिरत राहतो. मॉलीने त्याचा केलेला अपभ्रंश त्याला गमतीदार वाटतो.

आता मराठी टीपकार किंवा भाषांतरकार येथे 'पुनर्जन्म' असे लिहून मोकळा झाला तर काय होईल? अर्थ बिनचूक, आणि प्रसंग नाहीसा! पुनर्जन्म म्हणजे काय हे आपल्याकडे कोणतीही गृहिणी नवऱ्यास विचारणार नाही; उलट तीच त्याला दोन गोष्टी सांगेल. मॉलीला शब्द ठाऊक नाही आणि कल्पनाही ठाऊक नाही. आपल्या वाचकास कल्पना ठाऊक आहे, शब्द नाही. हे अंतर राखावयाचे असेल तर मूळ ग्रीक शब्द नागरी लिपीत तसाच ठेवणे आणि ब्लूमच्या तोंडी 'देहांतरसंक्रमण' ह्यासारखा न पचणारा शब्द घालणे हाच मार्ग मला दिसतो. 'पुनर्जन्म' हा सोपा शब्द शेवटी, मॉलीच्या वैतागानंतर यावा.

ह्याच्या उलट उदाहरण स्टीफन डेडॅलसचे आहे. मृत्युशय्येवरील आईच्या विनंतीस मान देऊन त्याने गुडघे टेकले नाहीत, प्रार्थना केली नाही. ती बोचणी त्याला क्षणभर सोडत नाही. परंतु ह्या बोचणीसाठी तो रोजच्या इंग्रजीतला शब्द योजीत नाही. १३४० मध्ये केंट प्रांताच्या बोलीत लिहिलेल्या एका धर्मपर ग्रंथाचे नावच तो मनाशी पुटपुटतो : 'एजनबाइट ऑफ इनविट', म्हणजे अंतःकरणास पुनःपुन्हा होणारा दंश. हा शब्द इंग्रज वाचकासही अपरिचित, स्टीफनला मात्र पूर्ण परिचित. विद्वान तरुणाने आपल्या दुःखावर घातलेले ते पांघरूण आहे. तेथे 'पश्चात्ताप' एवढीच टीप देणे म्हणजे पांघरूण काढून घेणे. एखाद्या मराठी तरुणाने आईच्या मृत्यूबद्दल स्वतःशी बोलताना 'लीळाचरित्रा'तला एखादा विस्मृत शब्द योजावा, तसे हे आहे असे सांगितले तर आपल्या वाचकास त्यातील संकोचही कळेल.

आता आपल्या म्हणून वाटणाऱ्या शब्दांकडे वळू. हे शब्द डब्लिनला थेट भारतातून गेले नाहीत. त्यांचा प्रवास लांबचा आहे, आणि त्यातला एक मुक्काम मुंबईचा आहे. मॅडम ब्लाव्हाट्स्की व कर्नल ऑलकॉट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले आणि गिरगावात राहिले. त्याच वर्षी 'द थिऑसॉफिस्ट' हे त्यांचे मासिक मुंबईहून निघू लागले. १८८२ च्या अखेरीस सोसायटीचे ठाणे मद्रासजवळ अड्यार येथे हलले. अलाहाबादच्या 'पायोनियर' पत्राचे संपादक सिनेट ह्यांचा गूढ बौद्धमतावरील ग्रंथ १८८३ मध्ये निघाला व तो डब्लिनच्या तरुणांच्या हाती पडला. १८८६ मध्ये तेथे थिऑसफीची शाखा स्थापन झाली. कवी येट्स व 'ए. ई.' ह्या नावाने लिहिणारे जॉर्ज रसेल ह्याच वर्तुळातले. रसेल तर 'युलिसिस'मध्ये स्वनामाने वावरतात. तेव्हा कादंबरीतील 'आकाश', 'प्रलय', 'जीव', 'माया' हे शब्द आपल्या पुराणांचे वा दर्शनांचे नसून डब्लिनमधील एका मंडळाच्या बोलीचे शब्द आहेत. त्यांना आपल्या कोशातील अर्थ लावणे चूक आहे.

राष्ट्रीय ग्रंथालयातील प्रकरणात स्टीफन मनातल्या मनात ह्या मंडळाची टर उडवितो. तेथे 'महामहात्मा' असा शब्द येतो. मराठी वाचकास 'महात्मा' म्हणताच गांधीजी आठवतात. १९०४ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेत वकिली करीत होते आणि ती उपाधी त्यांच्या नावाशी जोडली गेली नव्हती. येथील महात्मा म्हणजे ब्लाव्हाट्स्कीबाईंना हिमालयापलीकडून पत्रे पाठविणारे गुरू होत. महत्त्व वाढविण्यासाठी 'महा' दोनदा लावल्यामुळे जो हास्यरस निर्माण होतो तो मात्र आपणांस इंग्रज वाचकापेक्षा लवकर कळतो. त्याच परिच्छेदात बुद्धास बोधिवृक्षाखालून उचलून 'प्लँटेन'खाली बसविले आहे. प्लँटेन म्हणजे केळ. केळीखाली बसलेला बुद्ध डोळ्यांपुढे आणला की टीपेची फारशी गरज उरत नाही. एवढे सांगावे की त्याच नावाची एक क्षुद्र औषधी वनस्पतीही आहे, 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये तिच्या पानाचा उल्लेख येतो, आणि हे सबंध प्रकरण शेक्सपिअरविषयीच्या वादाचे आहे.

परंतु ह्या सर्वांत मौजेचे स्थळ बाराव्या प्रकरणात आहे. बार्नी कीर्ननच्या मद्यगृहात गप्पा चालल्या असता, त्या दिवशी सकाळीच ज्याला पुरले त्या पॅडी डिग्नमचा विषय निघतो. आणि कथनाची भाषा एकाएकी बदलून प्रेतात्म्यांशी संवाद करणाऱ्या मंडळींच्या प्रतिवृत्ताची होते. मृताच्या मस्तकातून 'जीविक' किरण निघतात (जीव ह्या शब्दास इंग्रजी प्रत्यय), देवलोकातील वार्ता 'देवानिक' वर्तुळांतून येते, तंत्रांच्या द्वारा प्रार्थना होते. आपण 'प्रलय'मार्गावर आहोत, म्हणजे परतीच्या वाटेवर आहोत, असे डिग्नम सांगतो. पुराणांत प्रलयाचे नैमित्तिक, प्राकृत, आत्यंतिक असे प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी कोणत्यातही हा बसत नाही आणि बसविण्याचा यत्नही करू नये. शिवाय जॉइसने हा शब्द छापताना प्रत्येक अकारावर दीर्घत्वाची आडवी रेघ दिली आहे. अक्षरशः वाचल्यास तो 'प्रालाया' होतो. पौर्वात्य विद्येच्या ग्रंथांतून रोमन लिपीत संस्कृत छापताना ज्या रेघा देतात त्यांची ही नक्कल आहे.

ही रेघांची नक्कल पुढच्याच वाक्यांत शिगेला पोचते. परलोकातील निवासस्थानी सर्व आधुनिक सोयी आहेत, असे सांगून आत्मा त्यांची नावे देतो : तालाफाना, आलावातार, हाताकाल्दा, वाताक्लासात. इंग्रज वाचक क्षणभर त्यांना संस्कृत समजतो आणि मग त्याच्या ध्यानात येते की हे टेलिफोन, एलिव्हेटर, गरम-थंड पाण्याचे नळ आणि शौचकूप होत. मराठी वाचकाची गोष्ट उलटी आहे. हे संस्कृत नाही हे त्याला पहिल्याच शब्दास कळते; पण ते काय आहे हे, इंग्रजी कानाने ऐकल्याखेरीज, कळत नाही. त्यातून नागरीत लिहिताच रेघा जातात व त्यांचे काने होतात. काने आपल्या डोळ्यास इतके सवयीचे आहेत की त्यांतील विद्वत्तेचे सोंग दिसेनासे होते. 'आलावातार' ह्यात तर कोणास 'अवतार आला' असेही ऐकू येईल. भाषांतरकाराने 'प्रालाया' सुधारून 'प्रलय' करणे हा ह्या स्थळी मोठाच अपराध ठरेल. शुद्धलेखनाची हौस येथे आवरली पाहिजे.

डिग्नमचा अखेरचा निरोप असा की बुटांच्या जोडातला न सापडणारा बूट अमुक खोलीत कमोडखाली आहे. जोड दुरुस्तीस टाकावा, पण फक्त तळवे बदलावे, टाचा अजून चांगल्या आहेत. येथे आपणांस पिंडाला न शिवणारा कावळा आठवावा हे स्वाभाविक आहे. मृताची कोणती इच्छा राहिली म्हणून घरचे लोक एकेक वचन देत असतात आणि अखेर एखाद्या क्षुल्लक गोष्टीवर कावळा शिवतो. टाचा शाबूत असलेला बूट हा त्या गोष्टींपैकीच आहे. टीपकाराने ही तुलना अवश्य द्यावी, कारण मृताविषयीची माया आणि हसू ह्यांचे जे मिश्रण ह्या स्थळी आहे ते दुसऱ्या कशाने इतके लवकर कळणार नाही. मात्र ती तुलना म्हणूनच द्यावी. आपल्याकडे पिंडदान हा श्रद्धेचा विधी आहे; जॉइसपुढे होते ते परलोकविद्येच्या बैठकांचे गंभीर वृत्तांत.

गिल्बर्टचे ह्या बाबतीत थोडे चुकले असे मला वाटते. तो काही वर्षे ब्रह्मदेशात न्यायाधीश होता, पूर्वेकडील विचारांची त्याला आवड होती, आणि जॉइसचे प्रत्यक्ष साहाय्यही त्याला लाभले. त्याने कादंबरीतील जन्मांतरकल्पनेचा संबंध सिनेट व ब्लाव्हाट्स्की ह्यांच्या ग्रंथांशी जोडून दाखविला, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्या विवेचनात तालाफाना-वाताक्लासातांचे हसणे फारसे ऐकू येत नाही. मूळात नाही ते लिहावयाचे नाही आणि अनावश्यक ते सांगावयाचे नाही, अशी प्रतिज्ञा करून मल्लिनाथाने कालिदासावर टीका लिहिली. पंधराव्या प्रकरणात मानानान मॅक्लीर हा आयरिश समुद्रदेव रसेलचे रूप घेऊन, हातात सायकलचा पंप धरून अवतरतो व 'पुनर्जनम् पॅट्सीपंजाब' असे ओरडतो, तेव्हा त्या प्रतिज्ञेची कसोटी लागते. पॅट्सी हे पॅट्रिकचे घरगुती रूप, आणि पॅडी डिग्नमचे नावही पॅट्रिकच; एवढे सांगून थांबावे. पंजाबातून कोणते तत्त्वज्ञान निघते हे शोधीत बसू नये.

ह्याच्या उलट, जेथे इंग्रजी टीपा त्रोटक असतात तेथे आपणांस विस्तार हवा. पाचव्या प्रकरणात ब्लूम एका चर्चमध्ये शिरून मास नावाचा विधी पाहतो. तो ज्यू पित्याचा पुत्र, विवाहासाठी कॅथलिक झालेला. विधी त्याला धड परका नाही आणि धड आपलाही नाही. पुरोहिताच्या पाठीवरील तीन अक्षरांचा मॉलीने सांगितलेला अर्थ तो आठवतो आणि तो चुकीचा आहे. वस्तुतः ती येशूच्या ग्रीक नावाची आद्याक्षरे होत. डब्लिनकर वाचक ह्या चुकीस हसतो. मराठी वाचक हसत नाही, कारण तो ब्लूमच्या शेजारीच उभा आहे. ही टीप प्रकरण वाचून झाल्यावर त्याच्या हाती पडली तर उत्तम; आधी पडली तर ब्लूमबरोबर अजाणपणे तो विधी पाहण्याची संधी, जी आयरिश वाचकास कधीच नव्हती, ती गमावली जाईल. अभ्यासक्रमासाठी आधी टीपा आणि सवड मिळाल्यास कादंबरी असा जो क्रम आमचे विद्यार्थी पाळतात, त्याने हे नुकसान नित्य होते.

घोड्यांच्या शर्यतीचे स्थळ मात्र आधी समजावलेच पाहिजे. त्या दिवशी ॲस्कटच्या गोल्ड कपच्या शर्यतीत 'थ्रोअवे' हा घोडा एकास वीस ह्या भावाने खरोखरच जिंकला. हातातले वर्तमानपत्र आपण फेकूनच देणार होतो, हे ब्लूमचे साधे वाक्य एका जुगाऱ्याने घोड्याचे नाव म्हणून ऐकले. पुढे मद्यगृहात त्याच गैरसमजातून ब्लूमवर ज्यूद्वेषाचे बालंट येते. येथे ब्लूमला स्वतःलाच काय घडले ते ठाऊक नाही, आणि वाचकास ते ठाऊक असणे अगत्याचे आहे.

राहिला प्रश्न ज्या स्थळी कोणासच काही ठाऊक नाही त्याचा. डिग्नमच्या दफनास तपकिरी पावसाळी डगला घातलेला एक अनोळखी मनुष्य येतो. बातमीदार हाइन्स त्याच्याविषयी ब्लूमला विचारतो. ब्लूम डगल्याचे नाव घेतो. हाइन्स तेच माणसाचे नाव समजून टिपून घेतो, आणि संध्याकाळच्या पत्रात शोककर्त्यांच्या यादीत 'मॅकिंटॉश' छापून येते. त्याच यादीत ब्लूमचे नावही एक अक्षर गळून 'बूम' झाले आहे. हा मनुष्य कोण ह्यावर अभ्यासकांनी पुष्कळ तर्क लढविले असून स्वतः जॉइस, भूत, परलोकातून आलेला कोणी, इतकी उत्तरे सुचविली गेली आहेत. मराठी टीपेत मॅकिंटॉश हे पाणी न शिरणाऱ्या कापडाच्या डगल्याचे नाव आहे व येथे ते ऐकण्याच्या चुकीने माणसाचे झाले आहे, एवढे लिहावे. तर्कांची यादी देऊ नये.