शंकूची सावली, माणसाची सावली

घड्याळाचा इतिहास आपल्याकडे दोन पद्धतींनी सांगितला जातो. एक पद्धत कौतुकाची: घटिकापात्रापासून अणुघड्याळापर्यंत मानवाने केलेल्या प्रगतीची रांग मांडायची आणि टाळ्या घ्यायच्या. दुसरी अभिमानाची: हे सारे आमच्या ग्रंथांत आधीच होते, असे सांगून मोकळे व्हायचे. दोन्ही पद्धती एक प्रश्न टाळतात. काळाचे माप कोणाच्या हाती होते आणि त्या मापाखाली कोण भरडला गेला? हा प्रश्न टाळून लिहिलेला इतिहास अर्धा आहे.

मी खोडदच्या परिसरातील एका महाविद्यालयात शिकवतो. खोडदची जीएमआरटी दुर्बीण म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. आकाशातून येणारी एकच रेडिओलहर प्रत्येक तबकडीवर किंचित वेगळ्या क्षणी पोचते. तो फरक मोजून सगळे संकेत जुळवावे लागतात. म्हणजे ही दुर्बीण काळाच्या काटेकोर मोजणीवरच उभी आहे. नियमित स्पंद पाठवणारे तारे, म्हणजे आकाशातली घड्याळेच, ती वाचते. अशा गावात राहणाऱ्याला काळाच्या मापाचा विचार करणे भागच आहे. पण माझ्या आजीला घड्याळ वाचता येत नव्हते. ती उंबऱ्यावरची सावली पाहून दिवस किती वर आला ते सांगे.

सावली हे माणसाच्या अगदी जुन्या घड्याळांपैकी एक. आपल्या ज्योतिष्यांनी बारा अंगुळांचा शंकू उभा करून त्याची सावली मोजली आणि वेळ काढली. सकाळ-संध्याकाळ सावली लांब, मध्यान्ही आखूड. हेच साधे भूमितीचे सत्य पेशवाईतील पुण्यात निराळ्या कामाला लावले गेले. सकाळी नवाच्या आत आणि दुपारी तीननंतर महार-मांगांना शहराच्या वेशीत मज्जाव होता, कारण त्या वेळी त्यांची सावली लांब पडते, अशी नोंद गो. स. घुर्ये यांच्या जातिविषयक ग्रंथात आहे. शंकूची सावली मोजली की शास्त्र आणि माणसाची सावली मोजली की विटाळ! ज्या संस्कृतीने सावलीचे गणित केले, तिनेच ते गणित माणसाच्या अंगावर चालवले. घड्याळाच्या इतिहासात या नोंदीला जागा का नाही?

आता स्वयंचलित यंत्रांकडे वळू. अकराव्या शतकातील धारच्या भोजराजाचा ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ अभिमानी मंडळींचा आवडता. त्यातील यंत्रविधानाच्या अध्यायात दिव्यात तेल घालणाऱ्या बाहुल्या आहेत, दारावरचे यांत्रिक पहारेकरी आहेत. पण रचना पूर्ण सांगितलेली नाही. ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखण्यासाठी सांगितली नाही, असे ग्रंथकारच म्हणतो. याच्याशेजारी अल-जझारीचे पुस्तक ठेवून पाहावे. 1206 साली पुऱ्या झालेल्या या पुस्तकात पन्नास यंत्रांची मापे, आकृत्या आणि जोडणीचा क्रम आहे. त्याच्या हत्तीच्या घड्याळात भोक पाडलेले, हळूहळू बुडणारे पात्र आहे. म्हणजे आपले घटिकापात्रच. तोही राजाश्रयीच होता. त्याच्याही बाहुल्या दरबारात पेले भरून देत. पण त्याने विद्या उघडी केली. आपल्याकडे ती झाकणे हेच पांडित्य ठरले. झाकलेली विद्या कारागिराच्या मुलापर्यंत कशी पोचणार, आणि वेशीबाहेरच्या मुलापर्यंत कशी?

या बाहुल्यांचे स्वप्न नीट वाचले पाहिजे. न खाणारा, न थकणारा, उलट न बोलणारा नोकर हे ते स्वप्न आहे. ज्या गावगाड्यात असा नोकर जन्मानेच मिळत होता, तिथे यंत्र घडवण्याची निकड कोणाला वाटावी? महार वतनाच्या चाकरीला तास नव्हते. रात्री-अपरात्री हाक आली की निघायचे. तो नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात याविरुद्ध विधेयक आणले. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले.

म्हणून यांत्रिक घड्याळाकडे मी केवळ कौतुकाने पाहू शकत नाही, आणि केवळ संशयानेही नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजनाच्या ओढीने फिरणारे चाक दर ठोक्याला अडवून सोडण्याची युक्ती रुळली. या घड्याळाला सूर्य लागत नाही, सावली लागत नाही. त्याचा तास सर्वांना सारखा. मुंबईच्या गिरणीमालकांनी तो भोंग्याला बांधला आणि मजुराला पिळले, हे खरे. पण जे मोजले जाते त्यावर भांडता येते. विजेचे दिवे येण्याआधी गिरण्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मजुरांना संघटित केले आणि 1890 साली रविवारची सुटी मिळवली. 1946 साली बाबासाहेबांनी मजूरमंत्री या नात्याने आणलेल्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. वतनाच्या चाकरीत असा हिशेब मागायला मापच नव्हते.

तरीही घड्याळ आले म्हणजे समता आली, असे समजण्याचा भाबडेपणा नको. त्याच गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे. भोंगा सर्वांना एक, खाते मात्र जातीचे. यंत्र जात पाळत नाही. यंत्र चालवणारा समाज पाळतो.

दर वर्षी 28 फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनानिमित्त खोडदला शाळा-महाविद्यालयांतील मुलांची रीघ लागते. त्यांना तबकड्या दाखवताना शिक्षकांनी शंकूची गोष्ट सांगावी आणि त्याच दमात पुण्याच्या वेशीचीही सांगावी. आणि कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून सावलीच्या, भोंग्याच्या, वतनाच्या हाकेच्या आठवणी लिहून घ्याव्यात. ती माणसे आता थोडी उरली आहेत, आणि घड्याळाच्या इतिहासाचा राहिलेला अर्धा भाग त्यांच्याकडे आहे.