‘दाखविला जाण्याचा संभव’

१९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातले कलम ७-अ मी संहिता म्हणून वाचतो. आरंभी प्रमाणपत्राविना चित्रपट दाखविण्याचे प्रत्यक्ष कृत्य आहे. पुढे मात्र तो दाखविला जाण्याचा नुसता संभवही पुरतो. तसे मानायला कारण आहे एवढ्यावर कोणताही पोलीस अधिकारी जागेत शिरून झडती घेईल, फिल्म जप्त करील. वॉरंटचा उल्लेख कलमात नाही. (झडती फौजदारी प्रक्रियेनुसार व्हावी, एवढी पुस्ती आहे.) मला तो ‘संभव’ खुपतो.

आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) १९९७ च्या रमाबाई नगरातील गोळीबाराची साक्ष देतो. तिथे दहा माणसे पोलिसांच्याच गोळ्यांनी मेली. उद्या अशी एखादी साक्ष प्रमाणपत्राविना समाजमंदिराच्या भिंतीवर दाखवायची ठरली, तर ‘संभव’ कोण ठरवणार? जिच्यात जे आरोपी, तेच.