कागद आणि कातडी

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सगळ्यात चांगली जागा कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण विनिंग पोस्टसमोरच्या स्टँडकडे बोट दाखवतील. माझं मत पॅडॉकच्या कुंपणाला आहे. शर्यत एक ते अडीच मिनिटांत आटोपते आणि त्यातला बराच वेळ घोडे पलीकडच्या बाजूला, दुर्बिणीशिवाय नुसते रंगीत ठिपके असतात. पॅडॉकमध्ये मात्र तेच घोडे चार हातांवरून, पुन्हा पुन्हा, चालीने फिरतात. कोणता घोडा आज धावेल, कोणता नुसता धावल्यासारखं करील, हे शर्यतीआधी ताडायची कला इथे आणि रेसबुकाच्या पानावर मिळून घडते. पैसा लावणं हा वेगळा विषय. मला बोलायचं आहे ते या वाचनाबद्दल.

सुरुवात कागदापासून करावी लागते, आणि वसई-विरारच्या माणसाला त्यासाठी वेळ आयताच मिळतो. विरार फास्ट महालक्ष्मीला थांबत नाही. दादरला उतरून स्लो गाडी धरायची. बसायला जागा मिळाली, तर भाईंदरची खाडी ओलांडून दादर येईपर्यंत दोन-तीन शर्यतींची पानं नीट वाचून होतात. हे पुस्तक, जुन्या मंडळींच्या तोंडी ‘कोल’, पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला रेल्वेच्या वेळापत्रकासारखं रुक्ष वाटतं. प्रत्येक घोड्याच्या नावाशी वय, आईबाप, ट्रेनर, जॉकी, आज पाठीवर येणारं वजन आणि मागच्या शर्यतींचा हिशोब. नवखा वाचक त्यात एकच गोष्ट शोधतो: मागच्या वेळी पहिला कोण आला? खरा वाचक तिथे थांबतच नाही.

समजा, एक घोडा मागच्या वेळी पहिला आला. खालच्या वर्गाची शर्यत, बाराशे मीटर, पाठीवर बावन्न किलो, विजय मानेच्या अंतराने. आज तो एक वर्ग वर चढलाय आणि वजन सत्तावन्न झालंय. दुसरा घोडा मागच्या वेळी चौथा. पण अंतर होतं हजार मीटर, पाठीवर साठ किलो, वळणावर तो सगळ्यांच्या मागे होता आणि शेवटी जेमतेम दोन लेंग्थने, म्हणजे दोन घोड्यांच्या लांबीने, हरला. म्हणजे त्याला शर्यत पुरली नाही. तो वेग धरत होता तेव्हा पाटी आली. आज तोच घोडा चौदाशे मीटर धावतोय आणि वजन चार किलोंनी उतरलंय. कागदावरचा ‘४’ इथे ‘१’पेक्षा वजनदार ठरतो. आकडा तोच, पण अंतर, वजन आणि वर्ग यांच्या उजेडात त्याचा अर्थ उलटतो, आणि हा उलटलेला अर्थ आपल्याला आपणहून दिसला की जो आनंद होतो तो निकालावर मुळीच अवलंबून नसतो.

वजनाबद्दल थोडं थांबायला हवं, कारण हँडिकॅप शर्यतीचा खरा लेखक म्हणजे वजनं ठरवणारा हँडिकॅपरच. चांगल्या घोड्याला जास्त वजन, कमकुवताला कमी. जॉकी हलका असेल तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या भरून वजन पुरं केलं जातं. हँडिकॅपरचं स्वप्न एकच असतं: सगळे घोडे एका ओळीत विनिंग पोस्ट ओलांडावेत. म्हणजे प्रत्येक घोड्याबद्दलचं त्याचं मत किलोंच्या भाषेत छापलेलं आपल्यासमोर असतं. त्या मताशी असहमत व्हायला आधार शोधणं, हेच आपलं काम. घोडा मागच्या निकालानंतर सुधारलाय आणि हँडिकॅपरपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही, असं एखादं फटीएवढं अंतर सापडतं. दोन किलोंचा हा बारीक वाद इतक्या शांतपणे, नुसत्या आकड्यांत चाललेला असतो, की एखाद्या मुरलेल्या वकिलाच्या युक्तिवादाचं सुख त्यात मिळतं.

आता पॅडॉक. इथे पहिली नजर चालीवर. घोडा जवळून जाताना त्याच्या तोंडाकडे बघायचा मोह आवरा आणि पाय बघा. पुढचा खूर उचलला गेला की त्याचा ठसा जिथे उमटला, त्याच्याही पुढे मागचा खूर पडतोय का? ही ओलांडणी जितकी सैल आणि मोठी, तितकी त्याची पाठ मोकळी, पुठ्ठा मोकळा. भरधाव धावताना हाच मोकळेपणा लांब ढांगेत उतरतो. आखडून, टपटप पावलं टाकणारा घोडा हजार मीटरला चालून जाईलही, पण डर्बीच्या चोवीसशे मीटरला मी त्याच्याकडे संशयाने बघेन. मग खांदा: मानेच्या मुळापासून छातीकडे तिरपा उतरणारा असेल तर पुढचा पाय दूरवर पडतो, सरळ उभा असेल तर पाय उचलला जातो, पण पुढे फारसा जात नाही. मोतद्दाराने दोरी सैल धरलेली, मान खाली-वर हेलकावत, चारही पाय आपापल्या ठोक्यावर पडताहेत, अशी चाल एकदा ओळखू आली की बाकीचे घोडे काही क्षण दिसेनासे होतात.

कातडीकडे त्यानंतर. आपल्याकडे घोड्याच्या रंगाला सुरेख शब्द आहेत: कुमैत, मुश्की, अबलख, नुकरा, पंचकल्याणी. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे गिऱ्हाईक अजून रंग आणि अंगावरचे भोवरे बघून शुभाशुभ ठरवतं. गळ्याखालचं देवमण हा भोवरा भाग्याचा मानतात. त्या परंपरेबद्दल मला आदर आहे, तिने पिढ्यान्‌पिढ्यांना घोडा बारकाईने बघायला शिकवलं. पण रेसकोर्सवर रंगाचा उपयोग ओळखण्यापुरता. वाचायची ती झळाळी. नीट खाल्लेल्या, नीट कसलेल्या घोड्याच्या अंगावर प्रकाश पाण्यासारखा वाहतो. बरगड्या चालताना पुसट दिसाव्यात; अजिबात न दिसल्या तर कसर राहिलीये, उठून दिसल्या तर तो ओढला गेलाय. पाठीमागून बघाल तेव्हा पुठ्ठ्याच्या मधोमध स्नायूंची एक उभी खाच दिसते. ती महिन्याभरापूर्वी नव्हती आणि आज आहे, हे ज्याच्या ध्यानात राहतं त्याने ट्रेनरचं अख्खं महिन्याचं काम एका नजरेत वाचलेलं असतं.

घामाबाबत मुंबईत सावध राहावं लागतं. इंग्लंडमध्ये पॅडॉकमध्येच घामेजलेला घोडा म्हणजे शंका. महालक्ष्मीला मार्च-एप्रिलच्या दुपारी सगळेच घामेजतात. म्हणून घाम मोजायचा तो शेजाऱ्याशी ताडून. मानेवरचा ओलावा सोडून द्या. मागच्या मांड्यांच्या मधे साबणासारखा पांढरा फेस दिसतोय का ते बघा, कारण तो उन्हाचा नसून काळजीचा असतो. सोबत कान वाचा. सतत मागे पडलेले, नाहीतर सतत भिरभिरणारे कान असले की घोडा पॅडॉकमध्येच शर्यत धावून घेतोय असं समजा. आणि मोतद्दाराकडेही पाहा. तो घोड्याशी हळू आवाजात बोलतोय की दोन हातांनी लगाम आवरतोय, यावरून जितकं कळतं तितकं कुठल्याही तज्ज्ञाच्या स्तंभातून कळत नाही. वर्षभर रोज पहाटे त्या घोड्याबरोबर असणारा तोच एकटा. त्याच्या खांद्यांचा सैलपणा हे माझ्या लेखी पॅडॉकमधलं सगळ्यात विश्वासार्ह विधान.

जमिनीचा प्रश्न महालक्ष्मीपेक्षा पुण्यात जास्त. तिथला हंगाम पावसाळ्यात; जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचा आकडा जाहीर होतो आणि भुसभुशीत हिरवळीवर रुतणारे व न रुतणारे घोडे लगेच वेगळे पडतात.

डर्बीच्या दिवशी मात्र ही सगळी विद्या एका गूढापाशी अडते. इंडियन डर्बी १९४३ मध्ये पहिल्यांदा झाली आणि प्रिन्सेस ब्यूटीफुल ही फिली जिंकली. धावणारे सगळे चार वर्षांचे, आणि त्यांतल्या कित्येकांची आजवरची मोठी कमाई सोळाशे मीटरपर्यंतची. पुढच्या आठशे मीटरचं काय? कागद गप्प बसतो. अशा वेळी लोक वंशावळ उघडतात, बाप किती लांब धावला ते बघतात. त्यात तथ्य आहे. पण ते किती, हे समजायला मला नेहमी अडथळ्यांच्या शर्यतीकडे जावंसं वाटतं. महालक्ष्मीवर अडथळे नाहीत, आणि दमाचा हिशोब अडथळ्यांच्या शर्यतीइतका निष्ठुरपणे दुसरीकडे कुठेच होत नाही.

लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री रेसकोर्सवरची ग्रँड नॅशनल घ्या. सात किलोमीटरच्या आसपास अंतर, तीस उड्या. इथे घोडा पारखताना नजर बदलते. पुठ्ठा आणि मागचे पाय आधी, कारण उडी तिथून उठते. मग पुढचे पाय आणि सांधे, कारण आघात तिथे उतरतो. बेचर्स ब्रूक या अडथळ्याला उतरण्याची जमीन उडी घेतल्या जमिनीपेक्षा खाली आहे. चढून गेलेला घोडा उतरताना जमीन शोधतो आणि ती अपेक्षेपेक्षा उशिरा येते. त्या क्षणाला मान पुढे सोडून तोल राखणारा घोडा हवा. मागच्या शर्यतींत तो पडला किती वेळा, आणि पडला तो दमून की उतावीळपणे, हेही कागदातून काढावं लागतं. वेगापेक्षा शहाणपणाची किंमत इतकी स्पष्ट दुसऱ्या कुठल्या शर्यतीत दिसत नाही.

आता १९७३ सालचं पान. अडतीस घोडे. दोन जण बरोबरीचे फेव्हरेट, दोघांचा भाव एकास नऊ: क्रिस्प आणि रेड रम. क्रिस्प ऑस्ट्रेलियातून आलेला, थोराड, देखणा, दोन मैलांच्या शर्यतींचा राजा. पाठीवर बारा स्टोन, म्हणजे सुमारे शहात्तर किलो. रेड रमवर दहा स्टोन पाच पौंड. फरक तेवीस पौंडांचा, साडेदहा किलोंच्या आसपास. वंशावळ वाचणाऱ्याला रेड रममध्ये काही दिसलं नसतं. त्याचा बाप क्वोरम मैलभराच्या शर्यतींचा घोडा, आणि रेड रमची स्वतःची पहिली शर्यत १९६७ मध्ये, याच एन्ट्रीवर, पाच फर्लांगांची सपाट शर्यत. त्यात तो बरोबरीत पहिला आला होता. कागद म्हणत होता, हा स्प्रिंटर.

कागदात नव्हती ती वाळू. रेड रमच्या खुरातलं हाड दुखावलेलं होतं. त्याचा ट्रेनर जिंजर मॅककेन टॅक्सी चालवून आणि जुन्या गाड्या विकून पोट भरणारा माणूस. तबेला साउथपोर्टला गाड्यांच्या दुकानामागे. सराव करायला हिरवळ नव्हती, म्हणून घोडे समुद्रकाठी. मॅककेनने मासेमारीच्या गाड्या ओढणारे घोडे समुद्राच्या पाण्याने बरे होताना पाहिले होते. लंगडत गेलेल्या रेड रमला त्याने पाण्यात चालवलं आणि घोडा सुधारला. अर्नाळ्याच्या किंवा कळंबच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतरच्या घट्ट ओल्या वाळूवरून जो चालला आहे, त्याला हे लगेच पटेल. ती जमीन पायाला धरूनही ठेवते आणि मारही देत नाही. रोज मैलोन्‌मैल अशा जमिनीवर धावून मिळवलेला दम वंशावळीत छापला जात नाही. तो घोड्याच्या अंगावर मात्र दिसतो, बघायला शिकलेल्याला.

शर्यत सुरू झाली आणि क्रिस्प एकटा निघून गेला. जॉकी रिचर्ड पिटमनच्या हातात तो असा उडत होता की अडथळे जणू वाटेत नव्हतेच. शेवटून दुसऱ्या उडीलाही त्याची आघाडी मोठी होती. शेवटच्या उडीनंतर विनिंग पोस्टपर्यंत चारशे चौऱ्याण्णव यार्ड, मधे एल्बो नावाचा वाक. तिथे पिटमनने चाबूक उचलायला उजवा हात लगामावरून सोडला आणि दमलेला क्रिस्प डावीकडे भरकटला. चूक झाली हे पिटमनने पुढे स्वतःच सांगितलं. पण मला ती चूक वाटत नाही, तो वजनाचा आवाज वाटतो. ताज्या घोड्याने तो हात सोडणं मनावर घेतलं नसतं. मागे ब्रायन फ्लेचर घाई न करता रेड रमला आणत होता, आणि शेवटच्या काही ढांगांत त्याने क्रिस्पला गाठलं. अंतर पाऊण लेंग्थ. वेळेचा आधीचा विक्रम दोघांनीही मागे टाकला. तिसरा आला लेस्कार्गो, चेल्टनहॅम गोल्ड कप दोनदा जिंकलेला, तोही बारा स्टोन घेऊन, पंचवीस लेंग्थ मागे. त्या पंचवीस लेंग्थमध्ये क्रिस्पची थोरवी मोजता येते: बरोबरीच्या वजनाच्या दिग्गजाला त्याने इतकं मागे ठेवलं होतं.

त्या दिवशी हँडिकॅपर जिंकला, असं म्हणणारे खूप आहेत. तेवीस पौंड काढा, क्रिस्प सहज जिंकतो. गणित बरोबर आहे. पण रेड रमला वाचणारा तिथे थांबला असता तर पुढच्या वर्षी फसला असता. १९७४ मध्ये बारा स्टोन रेड रमच्याच पाठीवर आले, आणि तो पुन्हा जिंकला. पुढची दोन वर्षं दुसरा, आणि १९७७ मध्ये, बारा वर्षांचा असताना, तिसऱ्यांदा पहिला. ग्रँड नॅशनल तीनदा जिंकलेला दुसरा घोडा अजून झालेला नाही.