धुकं पुसणारी मंडळी

पावसाळ्यात लोणावळा-खंडाळ्याला जायचं ते न दिसण्यासाठी. राजमाची पॉइंटवर उभं राहावं आणि राजमाचीच दिसू नये, यासारखं सुख नाही. आमच्या हौशी फोटोग्राफर मित्रांना मात्र हे धुकं खुपतं. लाइटरूममध्ये २०१५ सालापासून धुकं पुसायची एक पट्टीच आली आहे. ती सरकवली की दरी लख्ख! मग हिरवा रंग वाढवायचा. लोहगडाचा विंचूकाटा असा हिरवागार होतो, की नुसता बघूनच विष चढावं. भाज्याची दोन हजार वर्षांची लेणी तर कालच रंगारी येऊन गेल्यासारखी!

विचारलंत तर म्हणतात, "ही माझी स्टाइल!" दहा जणांची ही 'माझी' स्टाइल प्रीसेट नावाच्या एकाच विकतच्या मसाल्यातून आलेली असते. मग आमटी काय अन् उसळ काय, चव तीच.

फोटोवर हात फिरवायला माझी ना नाही. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स मूळचा पियानोवाला. निगेटिव्ह ही स्वरलिपी आणि प्रिंट ही मैफल, असं तो मानायचा. १९४१ साली टिपलेल्या 'मूनराइज'चं आकाश तो पुढच्या प्रिंट्समध्ये अधिकाधिक काळं करत गेला. पण चंद्र ठेवला! आमची मंडळी नेमका चंद्रच पुसतात.

तेव्हा पट्टीला हात लावण्याआधी स्वतःला एवढंच विचारावं, की गाडी थांबवून आपण उतरलो कशासाठी? धुक्यासाठी उतरला असाल, तर ते राहू द्या. लख्ख दरी डिसेंबरात फुकट दिसते.